ओरखडा दुकानातच राहिला

चाकण रस्त्यावरच्या एका नोझलवाल्याने मला फसवले. माझ्या ट्रकमध्ये नवे, मोठ्या भोकांचे इंजेक्टर बसवतो म्हणून त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनातून निघालेले, झिजलेले इंजेक्टर रंग मारून बसवले. गाडी जास्त डिझेल खायला लागली, तेव्हा त्याने चारचौघांत माझ्या ड्रायव्हरला चोर ठरवले. माझे नुकसान मी त्याच्याकडून वसूल करीन, तेवढी धमक माझ्यात आहे. ड्रायव्हरच्या गेलेल्या नावाचे काय, हे मात्र अजून कोणी बोललेले नाही.

मी या पट्ट्यात क्लीनर म्हणून आलो. काचा पुसता पुसता स्टिअरिंगवर बसलो आणि स्टिअरिंगवरून मालक झालो. टायरवाला, बॅटरीवाला, पत्र्याचे काम करणारा, सगळे मला पाहिले की आधी चहा सांगतात, कारण हा माणूस लवकर उठणार नाही हे त्यांना ठाऊक असते. मी घासाघीस करतो आणि मला तिची लाज वाटत नाही. लाज ज्यांना वाटते ते दुकानदाराने सांगितलेला भाव देतात आणि घरी जाऊन बायकोशी भांडतात.

माझा ट्रक महाळुंग्याहून ओतकामाचा माल घेऊन उरणला बंदरावर जातो आणि येताना पोलादाच्या कॉइल आणतो. जाताना घाट उतरायचा असतो, येताना चढायचा. भरल्या गाडीने घाट चढताना इंजिन कण्हायचे आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवून आमचा उद्धार करायच्या. ड्रायव्हर बीडकडचा. माझ्याकडे आला तेव्हापासून दुसऱ्या कोणी त्या स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. तक्रार करायचा त्याचा स्वभाव नव्हता. एकदाच म्हणाला, "मालक, गाडीला दम न्हाई. घाटात मला तिची कीव यायलीय."

म्हणून मी त्या नोझलवाल्याकडे गेलो. नोझलवाला म्हणजे डिझेल इंजिनाचा पंप आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर दुरुस्त करणारा; नोझल हे इंजेक्टरचे भोकांचे टोक. असल्या दुकानांत जमिनीवर डिझेल सांडलेले असते आणि बसायला उलटा डबा असतो. याच्याकडे पांढऱ्या फरशा, एसी, आणि आत जाताना बूट काढायचे. दुकानाला तो लॅब म्हणायचा. राहायला पिंपळे सौदागरच्या मोठ्या सोसायटीत, पूर्वी कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर होता म्हणे. इंजिनिअर असल्याचे तो दर दुसऱ्या वाक्यात सांगायचा. न सांगता ते कुणाच्या लक्षात येण्यासारखे नव्हते.

"शेठ, तुमचं इंजिन सुपरचार्ज्ड आहे," तो म्हणाला.

"टर्बो आहे," मी म्हणालो.

"तेच हो. हवा भरपूर कोंबली जातेय, पण डिझेल कमी पडतंय. ताट वाढलंय आणि जेवणारा उपाशी. नोझल मोठं टाका, गाडी घाटात पळेल."

टर्बो धुरावर फिरतो आणि सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर, एवढे मी क्लीनर असतानाच शिकलो होतो. ज्याला हे दोन्ही 'तेच' वाटतात त्याच्या हातात इंजिन द्यायचे नसते. पण बाकीचे गणित त्याचे बरोबर होते. हवा आहे तर इंधन वाढवायचे, त्यात खोटे काही नव्हते. खोटा माणूस खऱ्या गोष्टीच्या आडूनच येतो.

त्याने नव्या इंजेक्टरांचा संच काढला आणि एकेक करून काचेच्या भांड्यावर लावून दांडा दाबला. प्रत्येकातून डिझेलचे धुके निघाले, अगदी अत्तराच्या फवाऱ्यासारखे. मी ते डोळ्यांनी पाहिले. मग संच हातात घेऊन फिरवून पाहिला. एकाच्या नटावर आडवा ओरखडा होता, पान्याचा दात बसून सुटल्यासारखा.

"हा पडलेला माल आहे," मी म्हणालो.

"नाही हो शेठ, पॅकिंगमध्ये घासला असेल."

"मग पॅकिंगवाल्याला विका. मला कशाला दाखवता?"

त्या ओरखड्यावर मी त्याला चांगला रगडला. तो हसत होता, घाम पुसत होता, एसीत बसून घाम पुसत होता. शेवटी भाव उतरला. उठताना तो आपल्या माणसाला म्हणाला, "शेठना ओरखड्याचंसुद्धा डिस्काउंट लागतं बघ." मला ते कौतुक वाटले. या गोष्टीत कुणाचा राग यायचा तो येवो, पण त्या वाक्यावर मी हसलो होतो याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण सगळा खेळ तिच्यावरच झाला. पार्ट बदलला की जुना पार्ट मालकाला परत द्यायचा. तो नव्याच्या खोक्यात घालून, तारेने बांधून देतात. जुना माल हातात पडला की खात्री पटते की पार्ट खरेच बदलला, नुसते बिल झाले नाही. कच्चे मालक खोके घेऊन जातात. मी उघडून पाहतो. माझ्या गाडीच्या प्रत्येक पार्टवर पंचने ठोकलेले दोन ठिपके असतात, ते मोजल्याशिवाय मी जुना माल घेत नाही. या रस्त्यावरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना माझे ठिपके माहीत आहेत. त्यालाही होते.

त्याच्या माणसाने माझे जुने इंजेक्टर काढले आणि काळ्याकुट्ट तेलासकट ट्रेमध्ये माझ्यासमोर आणून ठेवले. बरोबर चहा आला. नोझलवाला म्हणाला, "तुमचे ठिपके बघून घ्या शेठ, नंतर तक्रार नको. तोवर नवे धुऊन बसवतो." मी फडके घेतले आणि एकेक इंजेक्टर पुसून ठिपके शोधत बसलो. सगळे सापडले. अगदी माझेच होते. तोवर गाडीवर नवे बसून पाइप आवळलेसुद्धा गेले होते. जुना माल खरा आहे हे मी तपासले, म्हणून नवा माल खरा आहे असे धरून चाललो. आमचा सगळा बाजार असाच वागतो. जे काढले त्यावर डोळा, जे घातले त्यावर विश्वास. त्याने ही रीत ओळखून तिच्यावर दुकान मांडले होते. अकलेचा एवढा उपयोग त्याने कंपनीत केला असता तर तिथेच टिकला असता.

पहिल्या काही फेऱ्यांत गाडी खरेच ओढायला लागली. झिजलेल्या नोझलची भोके मोठी होतात, डिझेल जास्त पडते आणि थोडे दिवस ताकद आल्यासारखे वाटते. मग काळा धूर सुरू झाला. सायलेन्सरमागे असलेला मोटारसायकलवाला दिसेनासा व्हावा असा धूर. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, गाडी लई धूर सोडायलीय. अन् डिझेलचा काटा तर बघता बघता खाली यायलाय. मला काय हे बरं दिसंना."

मी नोझलवाल्याला फोन केला. तो उद्या-परवा करत राहिला. शेवटी ट्रक टर्मिनलसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठ पडली. चार-पाच गाडीमालक उभे होते, ड्रायव्हरही माझ्या शेजारी होता. मी सगळ्यांदेखत विचारले, गाडी एवढी का पिते?

त्याने चहाचा घोट घेतला आणि ड्रायव्हरकडे न बघता म्हणाला, "शेठ, गाडी पित नाही. गाडी चालवणारा पितो. टाकीला कुलूप लावा, ॲव्हरेज आपोआप येईल."

मालक हसले. माझ्या हातातला ग्लास मी फरशीवर आपटला आणि म्हणालो, "माझ्या गाडीत कोण काय पितो ते मी बघतो. तू नोझलचं बोल."

"भाऊ, रागावता काय," एक मालक म्हणाला. स्वतःच्या ड्रायव्हरला जेवणाचा भत्ता देताना याचे हात थरथरतात. "ड्रायव्हर आहे, जावई नाही."

पुन्हा हसणे झाले. ड्रायव्हर गाडीकडे चालू लागला. संध्याकाळपर्यंत मालकांच्या ग्रुपवर त्याच्या फोटोखाली 'सावध राहा' असे आले होते. कुणी टाकले ते मला कळले आहे. नोझल म्हणजे काय हे ज्याला धड माहीत नाही अशाने टाकले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर घरी आला आणि चावी ओट्यावर ठेवली. "मालक, एक खेप तुमी मारा. मी गाडीला हातबी लावत न्हाई. मग काय ते बोला."

मी टाकी काठोकाठ भरली आणि स्वतः उरणला गेलो. कॉइल घेऊन घाट चढलो, परत आलो, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरली. तेवढेच डिझेल लागले. त्याच्या हातून जेवढे लागत होते तेवढेच, वर माझा शर्ट काळा झाला तो वेगळा. मला त्याच्याविषयी शंका नव्हती. पण शंका नसणे आणि दाखवता येणे यात फरक असतो, हे त्या माणसाला मालकांपेक्षा जास्त कळत होते.

मग मी ओळखीच्या मिस्त्रीकडून इंजेक्टर काढून घेतले, पिशवीत भरले आणि लॅबमध्ये गेलो. बूट न काढता गेलो. नोझलवाला एका टेम्पोमालकाला धुके दाखवत होता. तेच भांडे, तोच दांडा, तेच ताट आणि जेवणाऱ्याचे वाक्य. मी टेबलावरचा संच हातात घेतला. एकाच्या नटावर आडवा ओरखडा होता.

हा ओरखडा मी विकत घेतला होता. त्याचे पैसे कमी करून घेतले होते, तो माझ्या इंजिनात असायला हवा होता. तो दुकानातच राहिला होता आणि गिऱ्हाइकामागून गिऱ्हाइकाला धुके दाखवत होता.

"आता हे लाव," मी पिशवीतले इंजेक्टर पुढे केले.

"शेठ, आत बसून बोलू ना."

"आतच आहोत. लाव."

त्याने लावला नाही, म्हणून मी लावला आणि दांडा दाबला. धुके नाही, काही नाही. गळक्या नळासारखी धार पडली आणि थेंब लोंबत राहिला. मी त्याच्यावरचा रंग नखाने खरवडला, खाली गंज. टेम्पोमालकाने दुरुस्तीला आणलेले आपले खोके काखेत मारले आणि तो चपला शोधायला लागला.

"पोरांकडून चूक झाली असेल," नोझलवाला म्हणाला. "नवा संच फुकट बसवून देतो. तुमच्यासमोर. वर पंपाची सर्व्हिस करून देतो."

"आणि ड्रायव्हर?"

त्याला खरेच कळले नाही. "ड्रायव्हरचं काय?"

"टपरीवर चल. त्याच लोकांसमोर सांग, की गाडी तुझ्या नोझलमुळे पीत होती."

"काय राव शेठ," तो हसला, "ड्रायव्हर छप्पन मिळतात. त्याच्यासाठी धंदा बदनाम करू का?"

समोरचा माणूस भाव उतरवत होता आणि आयुष्यात प्रथमच मला घासाघीस करावीशी वाटली नाही. मी ओरखड्याचा इंजेक्टर खिशात टाकला आणि निघालो. तो अडवायला उठलासुद्धा नाही. असल्या माणसाला चोरी पकडली गेल्याची लाज वाटत नाही, फक्त आवाज वाढल्याची वाटते.

माझे इंजिन आता दुसरीकडे दुरुस्त झाले आहे आणि गाडी घाट चढते. चालवतो मीच. ड्रायव्हरला मी घरी जाऊन बोलावले. तो म्हणाला, "तुमी मानता मालक. पर टपरीवर गेलो की पोरं टाकीवर हात ठेवत्यात अन् हसत्यात. ज्या तोंडानं चोर म्हनलं त्याच तोंडानं न्हाई म्हनायला पायजे." त्याने दुसऱ्या मालकांकडे विचारून पाहिले. सगळ्यांकडे त्याचा फोटो होता. आता तो एका सोसायटीच्या फाटकावर गाड्या आल्या की दांडा वर करतो. भरला ट्रक घाटातून वर काढणारा माणूस.

तो इंजेक्टर माझ्या खिशात आहे आणि रोज सकाळी मी त्याच टपरीवर चहा घेतो. जे मालक हसले होते ते आता माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. हवापाण्याशी मला देणेघेणे नाही. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याने त्याच ग्रुपवर चूक झाली म्हणून लिहावे. आणि नोझलवाल्याने पांढऱ्या फरशीवरून खाली उतरून, बूट घालून, या टपरीवर यावे. ड्रायव्हरला मी घेऊन येईन. त्याच्याकडे बघून सांगावे की चोर कोण होता.