बंद बाजाराचा भाव

त्या वर्षी माझं पोस्टिंग डोंगरातल्या एका लष्करी हेडक्वार्टरला होतं. मी सिग्नल्सचा हवालदार चौधरी, यावलचा, घरी केळीची बाग. माझा जोडीदार नाईक मिलिंद अहिरे, धुळ्याजवळच्या खेड्यातला. कोणता कॉम्प्युटर कोणती वेबसाइट कधी उघडतो, त्याची यादी रोज सकाळी सातला वाचायची, हे आमचं काम. बातमी बाहेर पाठवणारा वेगळी वाट काढत नाही, रोजच्या वर्दळीतच मिसळतो, हे मी नव्या जवानांना घोकून घोकून सांगायचो.

गाड्यांच्या ऑफिसात इंटरनेटचा एक पीसी होता. तो स्पेअर पार्ट मागवण्यासाठी होता, पण क्लार्क कॉन्व्हॉयच्या, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याच्या, वेळाही त्यावरच टाइप करायचा. आणि मी त्यावर केळीचे भाव बघायचो. लिंक गावच्या ग्रुपवर आली होती. यादीत ते पान दिसलं की मी ओळ सोडून द्यायचो. आपलंच पान, त्यात काय बघायचं?

एका रविवारी ०७१० ला मिलिंदने त्याच ओळीवर बोट ठेवलं. दर अकरा मिनिटांनी ते पान उघडलं जात होतं, आणि दर वेळी पत्त्यामागे अक्षरांची लांब शेपटी होती.

"भाऊ, आज बजार बंद शे. मंग भाव कोन इचारी ऱ्हायना?"

पान आपोआप रिफ्रेश होत असेल, म्हणालो. धुळेकराला केळीतलं काय कळतं, अशी वर थट्टाही केली. तो हसला, ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि गेला. ०७३० च्या कॉन्व्हॉयला पहिल्या गाडीत रेडिओ ऑपरेटर तोच होता.

त्या रेघेने मला चहा गोड लागू दिला नाही. ०७५० ला मी शेपट्या उलगडायला घेतल्या. दहा मिनिटांत कळलं. शेवटच्या शेपटीत निघायची वेळ, सात गाड्या आणि रस्ता होता. भाव विचारायच्या निमित्ताने तो पीसी आमच्या गाड्यांची खबर बाहेर देत होता, आणि ती वाट मी उघडलेल्या त्या लिंकनेच करून दिली होती.

मी रेडिओ सेट उचलला.

"ऑल व्हेइकल्स, हॉल्ट. रूट कॉम्प्रोमाइज्ड. ओव्हर."

"रॉजर. मागच्या सहा थांबवल्या. आम्ही पुलावर आहोत. आउट."

आवाज मिलिंदचा होता. ०८०४ ला पुलावर स्फोट झाला. ड्रायव्हर वाचला. मिलिंद गेला.

चौकशीत मी काही लपवलं नाही. प्रमोशन थांबलं, ते योग्यच झालं. सुट्टीत त्याच्या गावी, घरी गेलो आणि त्याच्या वडिलांना, आबांना, सगळं सांगितलं. बोलताना मला रडू आलं. आबांनी विचारलं,

"त्यानी तुले सांगेल व्हतं ना?"

"हो, आबा."

"मंग हाई बठ्ठं पोरेसले सांग. त्यानं नाव लईसन सांग."

आता मी जळगावात मेहरूणला राहतो आणि मुलांना नेटवर्कची सुरक्षा शिकवतो. पहिल्या दिवशी हे सगळं सांगतो आणि फळ्यावर दोनच ओळी लिहितो.

नाईक मिलिंद अहिरे यांनी पाहिलं होतं.

हवालदार चौधरीने ऐकलं नाही.