दादाच्या मनगटावरची गाठ

माझ्या भाचीला यंदा वावडी उडवायची होती, आणि तिच्यासाठी कमरेचा पट्टा आणि हातमोजे मी शिवून द्यावेत, असा निरोप दादाने पाठवला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी वेळ नाही म्हणून कटवलं असतं. दादाला नाही म्हणायची माझी लायकी उरलेली नाही. ती का नाही, हे तेव्हा फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

वावडी म्हणजे साधा पतंग नव्हे. पनवेलपासून रिक्षाने अर्ध्या तासावर, खाडीच्या कडेला आमचं गाव. तिथे संक्रांतीला पुरुषभर उंचीची वावडी चढवतात. काचेचा मांजा नाही, कापाकापी नाही. कुणाची किती वेळ टिकते तेवढंच बघायचं. दुपारी तीननंतर खाडीवरचं वारं सुटलं की ती अशी ओढते की धरणाऱ्याच्या टाचा जमिनीत रुततात. आमचे बाबा मिठागरात राबलेले, त्यांचे तळवे चपलेच्या तळासारखे झालेले. तरीही वावडीचा दोर त्यांनी कधी उघड्या हाताने धरला नाही. सुती दोर आधी खाडीच्या पाण्यात भिजवायचे, म्हणजे सुटताना भाजत नाही. हातात ओलं गोणपाट घ्यायचे. जमिनीत खुंटा ठोकून त्याला दोराचे दोन वेढे द्यायचे, म्हणजे ओढ खुंट्यावर जाते आणि माणसाच्या हातात नुसतं सोडणं-आवळणं राहतं. आणि दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. "वावडी गेली त दुसरी करू," ते म्हणायचे, "हात दुसरा नाय मिलत."

बाबा गेल्यावर वावडी दादाकडे आली आणि खुंटा गेला. "खुंट्याला बांधायला ती काय म्हैस हाय?" असं दादा चारचौघांत म्हणाला आणि लोक हसले. झालं, त्या हसण्यावर तो पुढे कैक वर्षं जगला. गोणपाटही सुटलं. मिठागरातल्या माणसाच्या हाताला दोर कापत नाही अशी आमच्या गावात एक फुशारकी आहे. दादा मिठागरात कधी राबलाच नव्हता. मिठागरं गेली तेव्हा तो शाळेत होता. तो पोकलेन चालवायचा, पळस्प्याकडे रस्त्याच्या कामावर. बोटांच्या टोकांनी दोन दांडे असे हलवायचा की बादली जमिनीवरचं अंडंही न फोडता उचलेल, असं त्याचे सोबती म्हणत. त्याचं घर त्या बोटांवर चालत होतं. पण हात मात्र बाबांचे असल्यासारखा मिरवायचा.

मी कामोठ्याला ब्लाउज शिवते. वीस वर्षं झाली. माझा स्वभाव काही दादापेक्षा बरा नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी माझ्या कामाला नावं ठेवली की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की मी काम जरा जास्तच चोख करते.

तीन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला तेच झालं. सकाळभर वावडी धरून दादाच्या तळव्याला फोड आले होते आणि मूठ सैल पडत होती. दुपारचं वारं वाढत होतं. खाली उतरव म्हटलं तर ऐकेना, कारण वर फक्त त्याची आणि शेजारच्या आळीची अशा दोनच राहिल्या होत्या. मला म्हणाला, दोर मनगटाला बांध, म्हणजे मूठ सुटली तरी वावडी राहील. मी म्हटलं, बाबांनी नाही सांगितलं होतं. एकदाच म्हटलं. तेव्हा तो हसून म्हणाला, "तुझ्या गाठी काय बटनापुरत्याच हायेत का बाय?"

मी बांधली. ओल्या दोराचे त्याच्या उजव्या मनगटाला दोन वेढे दिले आणि वर निरगाठ मारली. एकीवर दुसरी. एवढ्यावर थांबले नाही. टाका संपवताना दोऱ्याचं टोक मी वेढ्याखालून आत खोचते, म्हणजे ते दिसत नाही आणि उसवत नाही. दोराचं शेपूटही तसंच आत खोचलं. सुती दोर ओला असला की गाठ आणखी आवळते, हे जिने जन्मभर सूत हाताळलं तिला कळत नव्हतं असं नाही. मला फक्त माझी गाठ सुटता कामा नये एवढंच हवं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते आम्ही बहीणभावंडांनी मिळून केलं. हात त्याचा होता.

पुढचं सगळं बहुतेक पाच मिनिटांत झालं. वाऱ्याचा एक झोत आला आणि दादा गुडघ्यावर पडला. दुसऱ्यात तो हात पुढे ताणलेला असा बांधापर्यंत फरपटत गेला. माणसं धावली, पण ताणलेल्या दोराला उघड्या हाताने धरणार कसं? ज्यांनी धरला त्यांचे तळवे सोलले. मी गाठीला नखं लावली तर ती दगड झाली होती. वर्षभर माझ्या कमरेला छोटी कात्री असते. सणाला मात्र मी ती मशीनच्या खणात हळदकुंकू लावून ठेवते. कुणीतरी कोयता आणायला घराकडे पळालं. दादाची बोटं काळीनिळी होताना दिसत होती. मी त्याच्या मनगटापुढे दोरात दात रोवले आणि चावत राहिले. तोंडभर खाडीचं खारट पाणी आणि सूत. दोर तुटला, वावडी गेली, आणि मग पहिल्यांदा दादा ओरडला.

बोटं वळवणाऱ्या कंडरा कापल्या होत्या आणि एक नस चिरडली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे बांधलं कुणी? वहिनी तिथेच उभी होती. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मीच बांधला." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डावखुरा नसलेला माणूस डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या मनगटावर तसली गाठ मारूच शकत नाही. पण कुणी पुढे विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. नंतर सांगणं दर दिवशी जास्त अवघड होत गेलं. शरम वाटते लिहिताना, पण आधी मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

ऑपरेशन झालं, व्यायाम झाले. वहिनी त्याला रोज भाकरीचं पीठ मळायला द्यायची, बोटं चालावीत म्हणून. अंगठा आला, तर्जनी आली. बाकीची तीन बोटं अर्ध्यावर येऊन थांबली ती थांबलीच. आता पोकलेन दुसरा चालवतो आणि दादा बाजूला उभा राहून त्याला हातवारे करतो. शर्टाची बटणं वहिनी लावते. आणि वहिनीने मला ब्लाउज शिवायला देणं बंद केलं. मी समजून होते की तिला कुठलं आता नव्या कपड्यांचं सुचतंय.

तर यंदा हा निरोप. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बापाचा हात गेला तरी पोरीला वावडी हवीच. पण पोर शहाणी आहे, बावीस वर्षांची, फोनवर बघून सगळं टिपून आणलेलं. खुंटा परत ठोकायचा, ही तिची पहिली अट. ओढ हातावर नको, कमरेच्या रुंद पट्ट्यावर हवी. मोजे चामड्याचे, तळव्याला दुहेरी, पण मनगटाशी घट्ट नकोत. दोर वेगाने सुटायला लागला तर पकडायचा नाही, जाऊ द्यायचा. दोराचं कुठलंच वेटोळं बोटात किंवा पायात अडकेल असं ठेवायचं नाही. आधी दहा मिनिटं मनगटं फिरवून मोकळी करायची. हे सगळं ती मला शिकवत होती आणि मी मुकाट ऐकत होते.

पट्टा मी आठ दिवस शिवला. दोर पट्ट्याला जोडायचा तिथे सुरगाठ हवी, ओझं असतानाही एका ओढीत सुटणारी. बाल्कनीच्या ग्रिलला पाण्याचा भरलेला जार टांगून मी ती गाठ मारायची आणि शेपूट ओढायची. जार धाडकन खाली ठेवलेल्या गाद्यांवर पडायचा. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा विचारायला आल्या. कितीदा केलं मोजलं नाही. रोज वाटायचं, एकदा तरी नाही सुटणार. शेवटी शेपटाला लाल फीत शिवली, चांगली वीतभर, लोंबती.

संक्रांतीला दुपारी आम्ही खाडीवर गेलो. या वेळी माझी कात्री कमरेला होती. भाचीने मोजे चढवले, मी पट्टा बांधला, गाठ मारली. तेवढ्यात वहिनी पुढे आली आणि तिने लाल फीत ओढली. गाठ सुटली. "परत मार," म्हणाली. मी मारली, तिने ओढली. तिसऱ्यांदा सुटल्यावर ती हळूच, मलाच ऐकू येईल असं बोलली.

"त्या येळी शेपूट आत खोचलं व्हतंस. माझ्या ब्लाउजांना खोचतेस तसं."

दवाखान्यात नर्सने कापून काढलेला तो वेढा दादाच्या शर्टाबरोबर पिशवीत घालून वहिनीकडेच दिला होता, हे मला तिथे उभ्याउभ्या आठवलं. म्हणजे तीन वर्षं तिला ठाऊक होतं. दादा माझ्यासाठी खोटं बोलला, तिने त्याच्यासाठी ते खरं धरलं, आणि मी त्या दोघांच्या आडोशाला आरामात बसले होते.

भाचीने फीत बोटात धरून विचारलं, "आत्या, ही एवढी लांब कशाला? पायात येते."

मी म्हटलं, "तुझ्या बाबाच्या हाताला मी निरगाठ मारली होती. त्याने नाही, मी. आणि टोक आत लपवलं होतं. म्हणून ही बाहेर आहे."

पोरीने आधी आईकडे बघितलं, मग बापाकडे. दादा खाडीकडे तोंड करून उभा होता. मग म्हणाला, "वारं आलं. चढव."

वावडी चढली. खुंट्याला दोन वेढे होते, तरी पट्टा करकरत होता. एका बाजूला मी उभी, दुसऱ्या बाजूला वहिनी, आणि तिच्याही कमरेला स्वयंपाकघरातली कात्री खोचलेली मी तेव्हा बघितली. अर्ध्या तासाने मोठा झोत आला, वेढे खुंट्यावरून निसटले आणि पोर दोन पावलं पुढे ओढली गेली. मी कात्री काढली. तोवर तिने फीत ओढली होती. वावडी दोरासकट खाडीपलीकडे गेली, आणि शेजारच्या आळीतली माणसं आनंदाने ओरडू लागली.

वहिनीने पोरीचे मोजे काढले. दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, मूठ मिट. पोरीने मिटली. उघड. तिने उघडली. वहिनीने पुन्हा मिटायला लावली, आणि शेजारी उभ्या दादाचाही उजवा हात तिच्याबरोबर मिटायला लागला आणि अर्ध्यावर थांबला.