गाईंची बाळंतखोली

अण्णा गेल्याची बातमी माझ्या यजमानांच्या ऑफिसात ट्रंक कॉलने आली. धारवाडहून आम्ही बंगळूरला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. गोठ्याच्या ओट्यावर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि माणूस आडवा झाला, एवढंच वहिनीने सांगितलं. आता महिना उलटून गेलाय. इथे धारवाडात आमच्या मागच्या गल्लीत कुणाची तरी गाय हंबरते आणि मी हातातलं काम टाकून उभी राहते... वाटतं, आता पलीकडून अण्णा ओरडणार, ‘सुमे, पुढे येऊ नकोस, तिथेच थांब.’

अण्णा माझा थोरला भाऊ. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी. हा बीएस्सी झाला, चांगली सरकारी नोकरी चालून आली, ती सोडून याने अगर नावाच्या तलावापलीकडे जमीन घेतली आणि गाई पाळल्या. दूध टांग्याने चिकपेटेच्या बाजारात जायचं. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. पण अण्णा कुणाला बधणारा नव्हता, आणि सोवळंओवळं म्हटलं की त्याच्या अंगातच यायचं. आईचं सोवळ्याचं लुगडं वाळत असलं की मुद्दाम त्याला खांदा घासून जायचा आणि वर विचारायचा, ‘आता काय करशील, आई? मला वाळत घालशील?’ आई चिडायची आणि मग हसायची. त्या वेळी आमच्या घरात हसू भरपूर होतं.

वहिनी साताऱ्याची. आली तेव्हा तिला कानडीचा गंधही नव्हता. भाजीवाली दारात ‘स्वल्प’ म्हणाली तरी ही मला हाका मारायची. त्याचा आम्ही भाऊबहीण भरपूर फायदा घ्यायचो. चिकपेटेतून तिच्यासाठी लुगडं आणायचं ठरलं, की तिच्यादेखतच कानडीत रंग ठरवायचा. ती आमच्या तोंडाकडे बघत बसायची आणि म्हणायची, ‘चाललंय ना तुमचं गुप्त खलबत? चालू द्या.’

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर वहिनीला दिवस गेले. पाचवा महिना होता. त्या दुपारी गौरी नावाची पहिलारू कालवड वीत होती आणि वासरू अडलं होतं. नाक दिसत होतं, एक खूर दिसत होता, दुसरा पाय आत मागे दुमडलेला. गुरांचे डॉक्टर कुठल्याशा खेड्यावर गेलेले. अण्णाचा पंजा म्हणजे फावडं, तो आत जाईना. गौरी डोळे फिरवायला लागली तेव्हा त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, ‘इंदू, तू ये. तुझा हात लहान आहे.’ आई दारात आडवी उभी राहिली. गरोदर बाईने विणाऱ्या गाईपुढे जायचं नाही, आपल्याकडे चालत नाही, म्हणाली. अण्णा तिथूनच म्हणाला, ‘आई, गौरीला शास्त्र वाचता येत नाही गं, तिला कसं समजावू?’ मलासुद्धा हसू आलं. वहिनी पदर खोचून निघालीच होती. अण्णा सांगत गेला तसं तिने हाताला खोबरेल चोपडलं, कळ ओसरली की वासरू हलकेच मागे सारलं, खूर तळव्यात झाकून घेतला, नाहीतर गर्भाशय फाटतं, आणि तो पाय पुढे आणला. वासरू जिवंत निघालं. वार मात्र पडेना. दुसऱ्या दिवशी तीही वहिनीनेच हात घालून सोडवली. कोपरापर्यंत माखलेली वहिनी इतकी खुशीत होती की मला तिचा हेवा वाटला.

मग तिला ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, सकाळी घाम येऊन उतरायचा, सांधे ठणकायचे. त्याच सुमाराला गोठ्यातल्या गाई एकामागून एक गाभडायला, दिवस भरण्याआधीच वासरं टाकायला लागल्या. आणि सातव्यात वहिनीचं बाळ पोटातच गेलं... आई नंतर जे बोलायचं ते बोललीच, आणि सगळं वहिनीला बोलली. गाईपुढे गेली, त्याचं फळ मिळालं, म्हणाली.

गुरांच्या डॉक्टरांनी गाईंचं रक्त तपासायला पाठवलं होतं. निकाल सांगायला ते आले तेव्हा अण्णा आणि मी अंगणात होतो, वहिनी पायरीवर तांदूळ निवडत होती. डॉक्टर कानडीतच बोलायचे. गोठ्यात गाभडण्याचा सांसर्गिक रोग शिरलाय, तो वारेतून माणसालाही लागतो, वहिनींचा ताप त्याचाच. ‘आणि मूल?’ अण्णाने विचारलं. असेल, नक्की कुणी सांगू शकणार नाही, डॉक्टर म्हणाले. अण्णाचा चेहरा राखेसारखा झाला. मग माझ्याकडे वळून तो कानडीत म्हणाला, ‘हिला कळता कामा नये.’

त्यानंतरचा अण्णा वेगळाच माणूस होता. रोगट गाई त्याने काढून टाकल्या, कुंपणाच्या पार टोकाला गाईंसाठी बाळंतखोली बांधली आणि तिथे घरातल्या एकाही बाईला पाऊल टाकू दिलं नाही. वार स्वतः खड्डा खणून चुन्यात पुरायचा. विहिरीवर अंघोळ करायचा, कपडे उकळायचा, आणि गाय व्यायली की काही दिवस वहिनीला शिवायचा नाही, ओसरीवर वेगळं ताट घेऊन जेवायचा. गोठा कधीच निर्मळ झाला, डॉक्टरांनी तसं पुनःपुन्हा सांगितलं, तरी हे सुटलं नाही. नातेवाइकांना वाटलं, अण्णा सोवळ्यात आला. आई तर भरून पावली, देवाने शहाणं केलं म्हणायची. अण्णा मान खाली घालून कानडीत ‘सरी, सरी’, बरं बरं, म्हणायचा. त्यांना पुढे मूल झालं नाही. एकदा, फक्त एकदा, तो मला म्हणाला, ‘सुमे, मी तिला मारलेली हाक अजून मला ऐकू येते. मीच मारतोय आणि मीच ऐकतोय.’ मी म्हटलं, सांगून टाक वहिनीला. तो म्हणाला, ‘सांगितलं की ती माझ्याकडे बघेल. ते मला सोसायचं नाही.’

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी एक गाय अडून बसली. वहिनी उठली आणि सरळ बाळंतखोलीकडे चालायला लागली. मी मागोमाग धावले. म्हटलं, वहिनी, नको, अण्णाला आवडायचं नाही. ती आत शिरली. पहिल्यांदाच शिरत होती, तरी सगळं ओळखीचं असल्यासारखी तिने बादली ओढली, हात धुतले, गाईच्या पाठीवरून फिरवले. मग माझ्याकडे न बघता शांतपणे म्हणाली, ‘डॉक्टर अंगणात बोलले तेव्हा मला कानडी येत होती, वन्सं. दूधवाल्या बायकांकडून शिकले होते. तुमची गंमत जाईल म्हणून बोलले नव्हते.’

मी विचारलं, मग इतकी वर्षं अण्णाला बोलली का नाहीस?

‘त्यांनी सांगावं म्हणून थांबले,’ ती म्हणाली. ‘वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. मला एवढंच म्हणायचं होतं, की तुम्ही हाक मारली नसती तरी मी आले असते. गौरीचं ओरडणं ऐकून मी आधीच उठले होते...’ गाईला कळ आली. वहिनीने तेलाची वाटी मागितली, मी दिली. ‘दर वेळी ताट वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघायचे,’ ती म्हणाली, ‘आणि ते ताट उचलून ओसरीवर जायचे.’