पाच आठवडे उशिराचा मंत्री

मी आयुष्यात कधी जर्मनीला गेले नाही. तरीही ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं आठवायला बसले की आधी दिसते ती ऱ्हाइन नदी, तिच्या काठचं बॉन नावाचं लहानसं राजधानीचं शहर, आणि मग त्याच्या मागून, धुक्यातून यावं तसं, हळूहळू आमचं भाईंदर वर येतं.

गिरगावातली एक खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेच्या नवघरला आलो तेव्हा इमारतीत निम्मी घरं रिकामी होती. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पलीकडची मिठागरं दिसत. दुपारी एक-दोनच्या सुमाराला मिठाच्या ढिगांच्या कडा उन्हात विरघळल्यासारख्या व्हायच्या आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. लग्नाआधी मी जर्मन शिकले होते आणि एका औषध कंपनीत तिकडचा पत्रव्यवहार बघत होते. मुलगी झाली, रोज इतक्या लांबून जाणं जमेना, नोकरी सोडली. मग जुन्या साहेबांनी दादरच्या एका निवृत्त मेजरांशी गाठ घालून दिली.

मेजरसाहेबांना मराठीत एक पुस्तक लिहायचं होतं. ज्यांनी कधी गणवेश घातला नाही अशी माणसं लष्कराचा कारभार कसा बघतात, हा त्यांचा विषय. त्यांचा भाचा जर्मनीत, कोलोनला होता. तो तिकडच्या वर्तमानपत्रांची कात्रणं पाठवी, मेजरसाहेब ती माझ्या यजमानांच्या ऑफिसात पोचवत आणि संध्याकाळी हे ती घरी आणत, मी मराठीत उतरवायला.

"सगळं वाचत बसू नका," मेजरसाहेबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "एक माणूस धरा. त्याच्या मागे मागे चाला. राज्यकारभार आपोआप कळतो."

त्यांनी निवडलेला माणूस तेव्हा नुकताच पश्चिम जर्मनीचा संरक्षणमंत्री झाला होता. सत्तेवरच्या परंपरावादी पक्षाचा. नदीकाठच्या एका लहान गावचा वकील, आधी नगरपरिषदेत, मग बरीच वर्षं संसदेत, आणि संसदेतही बोलायचा तो कालवे, पूल, मालवाहू होड्या यांवर. लष्कराशी संबंध नाही. फोटोत लांब काळा कोट आणि त्यातून डोकावणारे मोठाले कान. मानवंदना घेताना हात कुठे ठेवावेत हे ठरत नसल्यासारखा उभा होता. मला तो आवडला.

मुलगी दुपारी झोपली की मी दारात चटई टाकून कात्रणं पसरायची. दार उघडंच असे, वारा यावा म्हणून. त्याच वेळेला मुर्ध्याची मावशी मासळीची पाटी घेऊन यायची. मुर्धे रेल्वेच्या पश्चिमेला, खाडीकाठी. तिथून ती पूल ओलांडून पूर्वेला यायची आणि आमच्या जिन्यात पाटी उतरवून दहा मिनिटं टेकायची. एक दिवस तिने फोटोवर बोट ठेवलं.

"ह्यो कोन?"

"जर्मनीचा मंत्री आहे, मावशी. लष्कराचा."

"लढाया करतो?"

"नाही. संरक्षण. म्हणजे देश सांभाळायचा, कुणी चालून येऊ नये म्हणून."

"मंग राखन म्हन ना," ती म्हणाली. "आमचा म्हातारा तेच करतो. मिठागराच्या बांधाची राखन."

तिचा नवरा मिठागरावर राखणदार होता. भरतीचं पाणी बांध फोडून आत येत नाही ना, हे बघत दिवसभर फिरायचं, हे त्याचं काम. मी वहीत 'संरक्षण'च्या जागी पेन्सिलीने 'राखण' लिहून बघितलं. मेजरसाहेबांनी पुढे तो शब्द खोडला, पण माझ्या मनात तो माणूस तेव्हापासून राखणमंत्रीच झाला.

त्यानंतर पाटी उतरवली की मावशीचा पहिला प्रश्न ठरलेला. "तुजा मंत्री काय म्हनतो?"

आणि मी सांगायची. त्या वर्षी तिकडे लढाऊ विमानांच्या सरावावरून ओरड चालली होती. विमानं गावांवरून इतकी खाली येत की गाई बुजत, लहान मुलं दचकून उठत. मंत्री एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. टेबलावर कॉफी होती, बाजूला शेतकऱ्याची बायको हात बांधून उभी होती, आणि तो बोलत असतानाच वरून विमान गेलं. कपातली कॉफी हिंदकळली, असं बातमीदाराने लिहिलं होतं. मंत्र्याने तिथल्या तिथे शब्द दिला की विमानं उंचावरून जातील.

"गेली?" मावशीने विचारलं.

"अजून नाही. थोडी विमानं त्यांची आहेत, थोडी दोस्त देशांची. दोस्त ऐकत नाहीत."

"मंग शब्द द्यायचा न्हाय," मावशी म्हणाली. मग जरा वेळाने, पाटी डोक्यावर घेताना, "पन बसला ना जाऊन तिच्या घरात. आमच्याकडं कोन येतं?"

दिवस असे जात. मुलगी रांगायला लागली, समोरच्या इमारतीला रंग लागला, आणि मी पोळ्या लाटताना बॉनच्या संसदेतल्या वादावादीचं मराठी जुळवत असायची. कधी कधी खिडकीतून पांढरे ढीग बघताना वाटायचं, तिकडे बर्फ पडलाय.

एका उन्हाळ्यात पाकीट आलं त्यात एकच मोठं कात्रण होतं. चॅन्सलरने मंत्रिमंडळ बदललं होतं आणि आमच्या माणसाला वगळलं होतं. दिलेला शब्द पाळता न आल्याने तो कमजोर दिसला, असं लिहिलं होतं. मी तारीख बघितली. पाच आठवड्यांपूर्वीची. म्हणजे हे पाच आठवडे तो तिकडे मंत्री नव्हता, पण आमच्या घरी होता. परवाच मी मावशीला त्याने कुठल्याशा छावणीत जवानांबरोबर सूप प्यायल्याचं सांगितलं होतं. ते सगळं कधीच संपलेलं होतं. विझलेल्या ताऱ्याचा उजेड पोचत राहतो म्हणतात, तसं काहीसं मला वाटलं.

मेजरसाहेबांची चिठ्ठी सोबत होती. 'आता नवे मंत्री धरा. जुन्यांचं काम संपलं.'

मी नवे मंत्री धरले. पण भाच्याला वेगळं पत्र लिहून विनंती केली की जुन्याबद्दल काही छापून आलं तर तेही पाठवा, माझ्यासाठी. मावशीला सांगितलं तेव्हा तिने पाटीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "आता करतो काय तो?"

मला माहीत नव्हतं. कात्रण आलंच नव्हतं. पण तिचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "गावी गेलाय. सफरचंदाची झाडं लावलीत त्याने."

का म्हणाले, आजही सांगता येणार नाही. एकदा म्हटल्यावर पुढचं येतच गेलं. झाडांना पालवी आली. त्याने नदीवर छोटी होडी घेतली. विमानांच्या त्या शेतकऱ्याने त्याला चीज पाठवलं. महिनोन्महिने पाकिटात नव्या मंत्र्याच्या बातम्या येत आणि दारात मी जुन्याच्या सांगत असे. मला ती नदी, ती होडी इतकी स्पष्ट दिसायची की मी खोटं बोलतेय हे अर्ध्या वेळेला ध्यानातही यायचं नाही.

मग बर्लिनची भिंत पडली. ते आमच्या शेजारच्या टीव्हीवरही दिसलं. दुसऱ्या दिवशी मावशीने जिन्यातूनच विचारलं, "तो होता का गो तिथं?"

"होता," मी म्हणाले. "भिंतीवर चढला होता. लोकांनी हात देऊन वर घेतलं त्याला."

ती वर आली. बोंबील मोजून ठेवले आणि गेली.

दोन महिन्यांनी भाच्याचं पाकीट आलं. त्यात एका गावच्या साप्ताहिकातला बारीकसा मजकूर होता. भिंत पडली त्या संध्याकाळी आमचा माजी मंत्री एका लहान गावातल्या प्रौढांच्या शाळेत व्याख्यान देत होता. विषय, कालव्यांचा इतिहास. ऐकायला वीस-एक माणसं. व्याख्यान संपल्यावर खुर्च्या उचलायला आलेल्या शिपायाने त्याला बातमी दिली. त्याला आधी खरंच वाटलं नाही. मग तो एका खुर्चीवर बसला आणि शिपायालाही बसवून घेतलं. दोघं तसेच बसले होते. एरवी तो अजून खासदारच होता, मागच्या बाकावर, एका समितीत. सफरचंदं नव्हती, होडी नव्हती.

मला फार लाज वाटली. दोन दिवस मी दुपारी दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी उघडलं आणि मावशी टेकल्यावर सगळं सांगून टाकलं. झाडं खोटी, चीज खोटं, भिंतीवर चढणं खोटं. मग शाळेची, शिपायाची गोष्ट सांगितली. ती ऐकताना तिचा हात पाटीच्या काठावरून फिरत होता.

"हे बरं हाय," ती शेवटी म्हणाली. "भिंतीवरचं मला तवाच पटलं न्हवतं. त्याचं वय बघ, थंडी बघ. चढंल कशाला तो?"

"मग बोलली नाहीस?"

"तू एवढं सांगत व्हतीस. कशाला बोलू?"

त्यानंतर मी असेल तेवढंच सांगितलं. पुष्कळदा काहीच नसे, मग आम्ही दुसरं काही बोलायचो. तिच्या सुनेचं, माझ्या मुलीच्या शाळेचं. मेजरसाहेबांचं पुस्तक निघालं, त्यात आमच्या माणसाला अर्धं पान मिळालं. राजधानी बॉनहून बर्लिनला हलवायचं ठरलं. इकडे मिठागरांचे काही तुकडे बंद पडले, खिडकीसमोर इमारत आली, मीठ दिसेनासं झालं. मावशीचे गुडघे गेले आणि पाटी सुनेकडे आली. सून कामात चोख, पण टेकायची नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला भाच्याने एक कात्रण पाठवलं. आमचा माणूस या वेळी निवडणुकीला उभा राहणार नव्हता. निरोपाच्या छोट्या समारंभाचा फोटो होता. कान तेवढेच मोठे, कोट आता सैल. मी ते पर्समध्ये घातलं आणि मुलीला घेऊन मुर्ध्याला गेले. तिथे मी कधीच गेले नव्हते.

मावशी अंगणात पाय पसरून बसली होती. शेजारच्या बाजेवर एक बारीक, काळाशार म्हातारा होता, तिचा नवरा. मावशीला बातमी सांगायला सुरुवात केली तर तोच पुढे सरकला.

"तो इमानांवाला ना?" त्याने विचारलं. "शिपायाला खुर्ची दिली तो?"

मी मावशीकडे बघितलं. ती साडीचा पदर नीट करत होती.

"घरी येऊन सगलं सांगायची ती," म्हातारा म्हणाला. "जेवताना." त्याने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "त्याची पोरं हायत का लष्करात?"

मला माहीत नव्हतं. दहा वर्षं मी त्या माणसाच्या मागे चालले होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "विचारते," मी म्हणाले, आणि म्हणून गेल्यावर ते खरंच करायचं ठरवलं.

मी संसदेच्या पत्त्यावर त्याला जर्मनमध्ये पत्र लिहिलं. बरीच वर्षं ती भाषा नुसती वाचत होते, लिहिताना हात अडखळला. कोण मी, कुठून लिहितेय, मुर्ध्यात कुणाला काय जाणून घ्यायचंय, एवढंच. उत्तराची अपेक्षा नव्हती. चार महिन्यांनी आलं. टाइप केलेलं, खाली थरथरती सही. मुलगे नाहीत, दोन मुली आहेत, एक शाळेत शिकवते, एक झाडांच्या संशोधनात आहे. मिठागराच्या राखणदाराला नमस्कार सांगा. आणि शेवटी, घरच्या नकाशाच्या पुस्तकात भाईंदर सापडलं नाही, ते नेमकं कुठे आहे, असं त्याने विचारलं होतं.

पुढच्या रविवारी मी कागद, पट्टी आणि मुलीचे रंगीत खडू घेऊन मुर्ध्याला गेले. म्हाताऱ्याला पत्र वाचून दाखवलं, मग बाजेवर कागद ठेवून समुद्र काढला, रेल्वेची रेघ काढली, खाडी निळी केली.

"तशी न्हाय," म्हातारा म्हणाला. "हितं वलते ती. आनी बांध हितून."

त्याने माझ्या हातातला खडू घेतला आणि मान खाली घालून, जीभ दातांत धरून, तो स्वतःच काढायला लागला. मावशी वाकून बघत होती. मुलगी विचारत होती की आपलं घर कुठे काढायचं. मी पट्टीने कागदाची कड दाबून धरली, वाऱ्याने उडू नये म्हणून.