पायरीवरच्या चपला

माझा स्वभाव मुळात तापट, आणि मला काम मिळालं ते दुसऱ्यांना ताटकळताना बघत बसायचं. पनवेलमध्ये तेव्हा भराभर इमारती उठत होत्या. आम्ही सुकापूरला राहायचो, तिथे तर दर दिवाळीला शेजारी नवी सोसायटी. पण फिजिशियन म्हणावेत असे डॉक्टर मोजकेच. मुंबईच्या एका संस्थेला मोजायचं होतं, की आजारी माणसाला डॉक्टर किती सहज भेटतो. त्यासाठी त्यांना दवाखान्यात बसून राहणाऱ्या बायका हव्या होत्या. नवरा म्हणाला, गप्प बसून राहायचं काम आणि तू, कठीण आहे बाई त्यांचं. तरी मी ते घेतलं.

माझ्या वाट्याला तळ्यामागच्या गल्लीतला एक दवाखाना आला. काम अगदी सोपं. पेशंट आत येऊन बाकावर बसला की वेळ लिहायची, डॉक्टरांच्या खोलीत गेला की परत वेळ लिहायची. मधला वेळ म्हणजे त्याचं थांबणं. संस्थेचे सर महिन्यातून एकदा गाडीतून यायचे, खाली न उतरताच कागद घ्यायचे आणि छान चाललंय म्हणून निघून जायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

चार दिवसांतच माझ्या लक्षात आलं, की लोक बाकावर फारसे बसतच नाहीत. टेकले न टेकले की आत. मला वाटलं, अगं बाई, फारच भराभर तपासतात की हे डॉक्टर! तसं काही नव्हतं. त्या दवाखान्यात नंबर चपलांचा होता. उजाडता उजाडता आसपासची माणसं यायची, पायरीपासून भिंतीच्या कडेने चपलांचा एखादा जुना जोड रांगेत ठेवायची आणि घरी जाऊन चहा-अंघोळ उरकायची. एक पेशंट आत गेला की कंपाउंडर सगळे जोड एकेक घर पुढे सरकवायचा. आपला जोड पायरीशी पोचायच्या बेताला माणूस हजर. दुसऱ्याच्या जोडाला कुणी हात लावायचं नाही. लावलाच, तर तिथल्या बायका त्याला उभा सोलायच्या.

लांबून येणारे मात्र पहिल्या एसटीने आले तरी रांग गल्लीच्या तोंडाशी गेलेली असायची. दुपारी डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलला जायचे. मग उरलेल्यांना कंपाउंडर सांगायचा, उद्या लवकर या. लवकर कुठून येणार, कप्पाळ! एसटी तीच, तिची वेळ तीच. आणि ही परत गेलेली माणसं माझ्या कागदावर नव्हतीच, कारण ती बाकावर कधी बसलीच नव्हती. मी सरांना सांगितलं, यांच्यासाठी एक रकाना करा. ते हसून म्हणाले, "ताई, जो आत गेलाच नाही, त्याचं थांबणं संपलं कुठे? मग मोजणार काय?"

या परत जाणाऱ्यांत एकदा मला आमची मासळीवाली मावशी दिसली. मोऱ्याच्या बंदरावरची कोळीण. बाजारात वर्षानुवर्षं मी तिच्याकडूनच मासळी घ्यायचे. भावावरून आमचं रोज वाजायचं आणि तिने वर दोन मांदेली टाकल्याशिवाय मी हलायची नाही. त्या दिवशी तिच्या डोक्यावर पाटी नव्हती. नवऱ्याला काखेत धरून ती रांगेच्या टोकाला उभी होती. बोटीवर जन्म गेलेला दांडगा माणूस, पण चार पावलं टाकली की भिंत धरत होता. नारळी पौर्णिमेला तो बोटीवर गेला तो जाळं ओढवेना म्हणून परत आला. तिकडच्या सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली, की हृदयाचं वाटतंय, मोठ्या डॉक्टरला दाखवा. ते दाखवायला ती दुसऱ्यांदा आली होती. दुसऱ्यांदाही कंपाउंडरने त्यांना उद्या लवकर या म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा आली, तीच गत. पायरीवर बसून तो धापा टाकत होता आणि आत डॉक्टर हॉस्पिटलला निघायची तयारी करत होते. मी कंपाउंडरशी भांडले. तो म्हणाला, तुम्हाला मोजायला ठेवलंय ना, मोजा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर येऊन मी मावशीला म्हटलं, यांच्या चपला माझ्याकडे द्या, मी उद्या पहाटे लावते. ती खाली वाकली. त्याचे पाय सुजून इतके टम्म झाले होते, की चपला नुसत्या अंगठ्यात अडकवलेल्या होत्या. "घ्या ताय. तशा बी पायात जात नाय आता," ती म्हणाली. तो अनवाणीच रिक्षात चढला.

दुसऱ्या दिवशी मी अंधारातच सुकापूरहून रिक्षा केली. आपल्याच माणसाचा नंबर लावावा तशी मला घाई झाली होती. जोड चांगला पुढे लागला. सकाळभर माझं लक्ष कागदांवर नव्हतं, त्या जोडावर होतं. तो पायरीशी आला आणि गल्लीच्या तोंडाशी ती दोघं दिसली. मला रडूच आलं. तो बाकावर टेकला, मी वेळ लिहिली. लगेच त्याला आत बोलावलं, मी परत वेळ लिहिली. त्या दिवसातलं सगळ्यात कमी थांबणं त्याचं होतं.

मावशीने मला हाताला धरून आत नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. छातीला नळी लावली, पायावर बोट दाबून बघितलं, खड्डा तसाच राहिला. त्रास कधीपासून आहे विचारलं, तिने पौर्णिमेपासून म्हणून सांगितलं. त्यांनी नळी टेबलावर ठेवली.

"आणि आत्ता आणताय? इतके दिवस काय करत होतात?"

ती म्हणाली, "कामं व्हती."

मी तोंड उघडलं. तिने माझा हात इतक्या जोरात दाबला, की बांगडी रुतली. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत, आणि तेच कागदावरही लिहिलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली, गोळ्या दिल्या, परत दाखवायला या म्हणाले. बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडलेच. तीनदा दारात येऊन गेलात आणि सांगायला तोंड नव्हतं? ती म्हणाली, "परत यायचं हाय ना ताय, त्यांच्याकडंच. नाराज कशाला करायचं?"

परत यावं लागलं नाही. दिवाळीच्या आधीच तो मुंबईच्या हॉस्पिटलात वारला.

पुढे संस्थेने आमचा कार्यक्रम ठेवला. पडद्यावर आकडे दाखवले. पनवेलमध्ये डॉक्टरसाठी थांबावं लागतं ते अगदीच थोडं, सगळे खूश. मग सर म्हणाले, अडचण एकच, केसपेपर बघितले तर लोकच डॉक्टरकडे फार उशिरा येतात, त्यांना जागरूक केलं पाहिजे. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी उठले आणि चपलांचं सगळं सांगितलं. लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. सर म्हणाले, फारच इंटरेस्टिंग ताई, आणि तेवढ्यात चहा आला. मी ते काम सोडलं. सोडून काय डोंबल झालं? माझ्या जागी दुसरी बाई बसली.

मावशी बऱ्याच दिवसांनी बाजारात आली. त्या दिवशी द्यायचा राहिलेला तो जोड इतके दिवस माझ्याकडेच होता. पेपरात गुंडाळून मी तो तिला दिला. तिने उघडून बघितला, फडक्याने पुसला आणि फळीखाली सारला. भावावरून मी काही बोलले नाही, तीही नाही. मांदेली साफ करता करता ती मध्येच थांबली.

"ताय, तुमी तिथंच बसायच्या. खरं सांगा. आमी उशीर केला का वो?"

मी म्हटलं, नाही मावशी. तुम्ही वेळेत आला होतात, परत परत आला होतात. मी डोळ्यांनी बघितलंय, हातात घड्याळ घेऊन बघितलंय. माझा आवाज एवढा चढला, की शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. तिने सगळं ऐकून घेतलं, लहान पोराची समजूत ऐकावी तसं.

"तुमी मायेनं बोलता," ती म्हणाली. "पन डॉक्टरनी लिवलंय ना कागदावर. येवढा शिकलेला मानूस खोटं कशाला लिवंल?"

मग तिने मांदेली पिशवीत भरली, वर दोन टाकली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.