अण्णांच्या पश्चात जीप स्टँड

माझे वडील, म्हणजे अण्णा, गेल्याची बातमी लोहाऱ्याच्या जीप स्टँडच्या ग्रुपवर खुद्द अण्णांच्याच नंबरवरून आली. यात चमत्कार काही नव्हता. त्या ग्रुपवर लिहिण्याचा अधिकार त्यांनी स्वतःखेरीज कोणालाही दिलेला नव्हता.

अण्णा एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावर काही दिवस घरी बसले आणि आईला फोडणीत आधी जिरं की मोहरी याच्या सूचना देऊ लागले. आईनं त्यांना घराबाहेर काढलं. ते रस्ता ओलांडून समोरच्या जीप स्टँडवर जाऊन उभे राहिले. ज्या जीपवाल्यांच्या नावानं त्यांनी नोकरीभर बोटं मोडली, त्यांचेच नंबर आता ते लावू लागले. लोहाऱ्याहून उमरग्याला कोणाची गाडी आधी सुटणार आणि कोणाची नंतर, हे ठरवायला तिऱ्हाईत माणूस लागतो. त्याची स्वतःची गाडी नसावी आणि त्याला भांडणाचा कंटाळा नसावा. अण्णा दोन्ही अटींत बसत होते.

मग मोबाइलवर ग्रुप निघाला. अण्णा रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचे नंबर टाकायचे. त्याखाली ड्रायव्हर लोक फुलं, देव, कुस्त्या आणि एकमेकांच्या मेव्हण्यांविषयीची मतं टाकायचे, त्यात नंबर बुडून जायचे. अण्णांनी एका सेटिंगनं सगळ्यांची तोंडं बंद केली. वाचल्याची खूण म्हणून अंगठा तेवढा उमटवायची मुभा ठेवली.

मी तुळजापूरला अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. बाजार कसा आपोआप चालतो, हा धडा मी दरवर्षी गंभीर चेहऱ्यानं शिकवते. सुट्टीला घरी आले की खिडकीतून समोर पाहायची. तिथं आपोआप काही चालत नव्हतं. तिथं एक म्हातारा टोपी घालून उन्हात ओरडत होता.

ते गेले जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. मातीला सगळे ड्रायव्हर आले, त्यामुळे उमरग्याची एकही जीप सुटली नाही. प्रवासी बिचारे ड्रायव्हरांना शोधत आमच्या दारात आले. मी अण्णांच्या उशाशी बसले होते, तेव्हा पिशवी घेतलेली एक बाई माझ्याशेजारी टेकली, थोडा वेळ पदर डोळ्यांना लावला आणि हळूच म्हणाली, "पोरी, उमरग्याला गाडी कवा हाय?"

मला हसू आलं. ते हुंदक्यात खपून गेलं.

संध्याकाळी स्टँडवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर दारात येऊन घुटमळला. "ताई, लई वाईट झालं. पोरांना ग्रुपवर श्रद्धांजली टाकायची हाय, पण..."

"पण काय?"

"साहेबांनी ग्रुप बंद करून ठेवलाय की."

अण्णांचा फोन आईजवळ होता. मी तो उघडून लिहिलं, 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की' वगैरे. वर अण्णांचं नाव, शेजारी गोल चौकटीत त्यांचा हसरा फोटो, आणि खाली त्यांच्याच निधनाची वार्ता. पाठवल्याबरोबर अंगठे उमटू लागले. एकामागून एक, सगळ्या ड्रायव्हरांचे. साहेबांनी सांगितलंय म्हणजे मान्य. आईला ते दाखवलं. ती म्हणाली, "मरायला पण ह्यांनीच परवानगी दिली म्हण की."

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टँडवर आरडाओरड झाली. पहिला नंबर कोणाचा, कोणालाच माहीत नव्हतं. जुना ड्रायव्हर पुन्हा दारात. "ताई, तेवढे नंबर टाका. साहेबांच्या फोनवरून आलं की ऐकतेत. मी सांगितलं तर म्हणतेत, तू कोण?"

सुतकात देवपूजा बंद होती, पण जीपचे नंबर लावू नयेत असं कोणी कुठं सांगितलेलं नव्हतं. तो सांगेल तसे मी टाकले. अंगठे उमटले, गाड्या सुटल्या. मग हे रोजचंच झालं. दुपारभर भेटायला येणाऱ्यांपुढं मान खाली घालून बसायचं, आणि संध्याकाळी अण्णा होऊन उद्याचे नंबर टाकायचे.

आत्यानं तोंडाला पदर लावून विचारलं, "आता पिंडाला कावळा बोलवायचा का फोन?"

आईला मात्र हे फार बरं वाटत होतं. मी फोन हातात घेतला की ती जवळ येऊन बसायची. ड्रायव्हर दारात आला की चहा टाकायची. एकदा मी म्हणाले, आता हे कोणाकडं तरी सोपवून टाकू, मला कॉलेजला जायचंय. तिनं फोन उचलून मांडीवर ठेवला. "सोपव की. मग ह्या घरात त्यांना विचारायला कोण येणार? तू चालली तुळजापूरला, भैया चालला पुण्याला. मी एकटी. निदान संध्याकाळी कुणीतरी त्यांचं नाव घेऊन दारात येतंय."

मी तिच्या मांडीवरून फोन घेऊन उद्याचे नंबर टाकले.

भैया म्हणजे माझा धाकटा भाऊ. पुण्यात बसून तो मोठमोठ्या कंपन्यांची नेटवर्क दुरून सांभाळतो. तिकडच्या कुठल्याशा कारखान्यातला कॉम्प्युटर कोणाशी बोलेल आणि कोणाशी नाही, हे तो खुर्चीतून ठरवतो. याला मॅनेज्ड नेटवर्क म्हणतात, हे त्यानं आईला पूर्वी एकदा समजावलं होतं. आई म्हणाली होती, "म्हणजे बापासारखंच. तुला शिव्या इंग्रजीत पडतेत, एवढंच."

भैयानं आमचा कारभार पाहिला आणि कपाळाला हात लावला. "सगळी यंत्रणा एका माणसावर? आमच्याकडं असं कोणी केलं तर घरी बसवतेत. माणूस गेला की सगळं ठप्प."

"माणूस गेलाच आहे," मी म्हणाले. "ठप्प कुठं झालंय?"

"कारण तू त्यांचं भूत चालवतीयस."

त्यानं आईसमोर फोन घेतला आणि सगळ्याच ड्रायव्हरांना ॲडमिन करून टाकलं. आता जो तो लिहू शकेल, आपसात ठरवतील, कोणावाचून अडणार नाही. अण्णांचं नाव ग्रुपमध्ये राहणार म्हटल्यावर आईनं हरकत घेतली नाही. मलाही ते पटलं. माझ्या पुस्तकातही असंच काहीतरी होतं.

दुपारी ग्रुपचं नाव दोनदा बदललं. साठलेली फुलं आणि देव पुरासारखे आले. एकानं शेळी विकायला काढली. पहिल्या नंबरावर तिघांनी हक्क सांगितला, चौथ्यानं त्या तिघांना ग्रुपमधून काढलं, तिघांपैकी एकाच्या चुलतभावानं चौथ्याला काढलं. मग सगळे खरोखरच्या स्टँडवर गेले आणि एकाचा शर्ट फाटला.

फाटक्या शर्टाला घेऊन जुना ड्रायव्हर आमच्याकडं आला. भैयाला हात जोडून म्हणाला, "सायबा, ते लोकशाही का काय केलंय, ते काढा आधी."

भैयानं काढलं आणि दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला. जाताना मला म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या माझंच बरोबर होतं." मी म्हणाले, व्हय.

पुन्हा मीच अण्णा झाले. या खेपेला स्वतः नीट अभ्यास करून. कोणावर अन्याय नको म्हणून नावांची अकारविल्हे यादी लावली आणि चक्र फिरवलं. एक फेरी सुरळीत गेली. मला वाटलं, अण्णा एवढं ओरडत का होते कोण जाणे.

मग बाजाराचा दिवस आला. आमच्या बाजाराला माणसं सकाळी खेड्यांतून गावात येतात. तेव्हा गावातून बाहेर जाणारी सकाळची गाडी रिकामी जाते आणि दुपारची दारात लटकेपर्यंत भरते. अण्णा बाजाराचे नंबर वेगळे लावत. मागच्या बाजारी जो सकाळी रिकामा गेला, त्याला या बाजारी दुपारचा नंबर. हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या चक्रात एका तरुण ड्रायव्हरला लागोपाठ दुसऱ्या बाजारी सकाळचा नंबर आला.

रिकामी जीप उमरग्याला नेऊन तो परत आला, तो सरळ आमच्या घरासमोर. गाडी बंदही केली नाही. नंबर मी टाकते हे त्याला माहीत होतं. पण फोनवर नाव आणि फोटो अण्णांचा दिसत होता, त्यामुळे त्याची जीभ तिकडंच गेली. "म्हातारं मेलं, पण खोड न्हाय मेली! वर बसून पण मलाच मुरगाळतंय!"

आई अंगणात होती.

तिला बघून पोरानं आधी गाडी बंद केली. "काकू, तसं न्हाय... म्हणजे मी ताईला..."

"मग ताईचं नाव घे की," आई म्हणाली. "चहा पिणार का?"

तो न पिताच गेला. आई आत येऊन माझ्यासमोर बसली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं.

"त्यांनी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. लई खाल्ल्या. पण केलेल्या कामाच्या खाल्ल्या, आणि तिथंच उभं राहून चार परत दिल्या. तुझ्या चुकीच्या शिव्या त्यांनी का खायच्या? आता त्यांना परत देता पण येत न्हाय."

"मग काय करायचं?"

"ज्याला नंबर लावायचेत त्यानं सोताच्या तोंडानं लावावं. ह्यांना काढ तिथनं."

"संध्याकाळी कोणी येणार नाही मग."

"न्हाय आलं तर न्हाय आलं," ती म्हणाली, पण माझ्याकडं न बघता.

मी जुन्या ड्रायव्हरला बोलावलं. बाजाराचा नियम त्याला पाठ होता, नाही म्हणणाऱ्याशी दोन हात करायची तयारीही होती. फक्त साहेबांच्या जागेवर बसायचं म्हणून तो उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता. मी त्याला ॲडमिन केलं. तो गेल्यावर आईनं फोन मागून घेतला. कुठं दाबायचं ते मी दाखवलं. तिनं दाबलं. पडद्यावर ओळ उमटली, की अण्णा ग्रुपमधून बाहेर पडले. गेल्या काही आठवड्यांत त्यांच्या जाण्याचे इतके कागद पाहिले होते, पण आई रडली ती या ओळीवर. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. समोर स्टँडवर कोणीतरी उमरगा, उमरगा म्हणून ओरडत होतं.

तेवढ्यात फोन थरथरला. नव्या ॲडमिननं अण्णांना परत ग्रुपमध्ये घेतलं होतं. पाठोपाठ त्याचा पहिलावहिला संदेश आला, 'साहेब चुकून बाहेर पडले होते. परत घेतले आहे. कोणी काळजी करू नये.'

आईनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मी विचारलं, "परत काढू का?"

तिनं नाक पुसलं. फोन माझ्या हातातून घेऊन पदरानं पडदा स्वच्छ केला.

"राहू दे बसलेले," ती म्हणाली. "पण त्याला सांग, मागच्या सीटवर. ड्रायव्हरला शिकवायचं न्हाय."