बांधाच्या दगडावरच्या खाचा

गेल्या मार्चमध्ये यिशुन उपनगराजवळच्या जलाशयाचं पाणी दुरुस्तीसाठी उतरवलं आणि तळातला जुना दगडी बांध उघडा पडला. पुरातत्त्वाचं पथक त्याची पाहणी करत होतं. मी स्वयंसेवक म्हणून टेप धरायला जात होते.

ताणलेल्या दोरीपलीकडे रोज सकाळी एक म्हातारे चिनी गृहस्थ इथल्या पद्धतीने प्लास्टिकच्या पिशवीत घेतलेली गरम कॉफी बोटाला अडकवून उभे असायचे. तिसऱ्या दिवशी पथकप्रमुख बाईंनी एका दगडावरच्या तिरप्या खाचा पाहून ‘यंत्राचे ओरखडे’ असं लिहायला सांगितलं.

"यंत्र कसलं, लाह!" इथल्या बोलीतलं ते शेपूट जोडत ते ओरडले. "माझी आई! हा जलाशय भरायच्या आधी इथे आमचं गाव होतं. रबराचा चीक काढायची सुरी ती या दगडावर पाजवायची."

"कशावरून, अंकल?" मी विचारलं.

त्यांनी कॉफी माझ्या हातात दिली, उकिडवे बसले आणि डाव्या हाताने हवेतच सुरी ओढून दाखवली. "डावखुरी होती. तिचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. एवढंच आहे."

बाईंनी खाचांचा कल मोजला. डाव्या हाताच्या ओढीशी तो जुळत होता. फॉर्मसाठी बाईंनी माहिती देणाऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा अंकलनी स्वतःचं न सांगता सावकाश, एकेक अक्षर करत आईचं नाव सांगितलं.

अहवालात त्या दगडापुढे ‘सुरी पाजवल्याच्या खुणा, बहुधा डावखुरी व्यक्ती’ अशी नोंद आहे. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव आहे.